सुट्या भागांचा धंदा चार वर्षांत दुप्पट. खालच्या शेडपर्यंत त्यातलं किती पोचलं?

मोटारसायकल, कार, ट्रक आणि ट्रॅक्टरला लागणारे सुटे भाग बनवणाऱ्या देशातल्या उद्योगाने २०२४-२५ या आर्थिक वर्षात ६ लाख ७३ हजार कोटी रुपयांची उलाढाल केली. ‘ॲक्मा’ या सुट्या भागांच्या कारखानदारांच्या देशपातळीवरील संघटनेने हा आकडा जाहीर केला आहे. करोनाच्या २०२०-२१ या वर्षात हीच उलाढाल ३ लाख ४० हजार कोटी होती. म्हणजे चार वर्षांत धंदा जवळजवळ दुप्पट झाला.

आकडा केवढा मोठा, याचा अंदाज यायला एक तुलना पुरे. महाराष्ट्र सरकारचा २०२५-२६ चा अख्खा अर्थसंकल्प साधारण ७ लाख कोटींचा आहे. संघटनेच्या म्हणण्यानुसार या उद्योगावर प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष मिळून ५० लाखांहून जास्त लोकांचं पोट चालतं.

आपल्या जिल्ह्यात तर हा विषय घरातलाच आहे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल पंचतारांकित एमआयडीसीच्या शिफ्ट सुटताना रस्त्यावर दुचाक्यांची रांग लागते. ती पोरं करवीर, कागल, हातकणंगले, पन्हाळा, राधानगरीच्या गावांतली असतात. मग सरळ प्रश्न पडतो. धंदा दुप्पट झाला, तर शेडमालकाची शिल्लक आणि पोराचा पगार दुप्पट झाला का? आणि झाला नसेल, तर पैसा अडतो कुठे?

आकडा वाढला कशामुळे?

पहिलं कारण विक्री. २०२४-२५ मध्ये देशात सुमारे १ कोटी ९६ लाख दुचाकी आणि ४३ लाख प्रवासी गाड्या विकल्या गेल्या. करोनात थांबलेली मागणी परत आली.

दुसरं कारण म्हणजे प्रत्येक गाडीत बसणारे भाग महाग झाले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आला आणि इंजिनाला सेन्सर, धूर साफ करणारी यंत्रणा, इंधन मोजून सोडणारी यंत्रणा लागली. एबीएस आणि एअरबॅगचे नियम कडक झाले. लोक छोट्या गाडीऐवजी मोठी गाडी घेऊ लागले. गाडी एकच, पण तिच्यातल्या भागांची किंमत वाढली. त्यात लोखंड, ॲल्युमिनियमचे भावही चढले.

तिसरा भाग गॅरेजचा. बाजारात सुटे विकले जाणारे स्पेअर जवळपास १ लाख कोटी रुपयांचे आहेत. गावच्या फाट्यावरच्या गॅरेजमध्ये बदललेली क्लच प्लेट, ब्रेक लायनर, बेअरिंग हे सगळं त्यात आलं.

चौथा भाग निर्यातीचा. या वर्षी २२.९ अब्ज डॉलरचा माल परदेशात गेला. त्याच वर्षी २२.४ अब्ज डॉलरचे भाग बाहेरून आतही आले. बाहेर जाणारं आणि आत येणारं जवळपास सारखंच. आत येणाऱ्यात चीनचा वाटा सगळ्यात मोठा. आपण जास्त करून लोखंडाचं, वजनाचं, घामाचं काम बाहेर पाठवतो. बाहेरून येतात त्यात चिप, सेन्सर आणि इलेक्ट्रॉनिक भागांचा मोठा वाटा असतो.

थोडक्यात, उलाढाल दुप्पट झाली म्हणजे नग दुप्पट झाले असं नाही. कामगार दुप्पट लागले, असंही नाही. वाढलेल्या रकमेत महाग मालाचा आणि महाग तंत्रज्ञानाचा मोठा हिस्सा आहे. हे महाग तंत्रज्ञान मोठ्या कंपन्यांच्या हातात आहे.

उसाच्या पट्ट्यातून आलेला धंदा

कोल्हापुरात ओतकामाचा धंदा बाहेरून कुणी आणून बसवलेला नाही. ऊस आला, गुऱ्हाळं आली. गुऱ्हाळाला आणि नदीवरच्या पंपाला ऑइल इंजिन लागायचं. ते बिघडलं की दुरुस्त करणारे कारागीर उद्यमनगरात तयार झाले. दुरुस्ती करता करता सुटे भाग ओतायला शिकले, मग पूर्ण इंजिन बनवू लागले. पुढे वीज आली, इंजिनाची मागणी घटली, तेव्हा याच हातांनी ट्रॅक्टर, ट्रक आणि कारच्या कास्टिंगचं काम धरलं. आज जिल्ह्यात सुमारे ३०० फाउंड्री आहेत, आणि त्यांच्या भोवती मशीन शॉप, पॅटर्न शॉप, वाळूवाले, वाहतूकवाले अशी मोठी साखळी आहे.

या धंद्याचं गावाशी दुहेरी नातं आहे. गाव त्याला कामगार पुरवतं आणि गिऱ्हाईकही पुरवतं. पाऊस बरा झाला, उसाचं बिल वेळेत आलं, की ट्रॅक्टर आणि दुचाकी खपते. देशात दरवर्षी ९ लाखांच्या आसपास ट्रॅक्टर विकले जातात. ट्रॅक्टर खपला की फाउंड्रीच्या भट्टीला काम मिळतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकी व छोट्या कारवरचा २८ वरून १८ टक्के. त्या दसरा-दिवाळीला शोरूमबाहेर गर्दी झाली, त्याचं काम याच शेडमध्ये आलं.

चार पायऱ्यांची उतरंड

सुट्या भागांचा धंदा उतरंडीसारखा रचलेला आहे. सगळ्यात वर गाडी बनवणारी कंपनी. तिला थेट माल देणारे मोठे पुरवठादार म्हणजे टियर-१. ते पूर्ण ब्रेक, पूर्ण गिअर बॉक्स, पूर्ण वायरिंग जोडून देतात. त्यांना भाग देणारे टियर-२, यात मधल्या फाउंड्री आणि फोर्जिंगवाले येतात. सगळ्यात खाली टियर-३. दोन-चार सीएनसी मशीन, आठ-दहा पोरं, भाड्याची शेड आणि बँकेचा हप्ता. हे लोक बहुतेक वेळा जॉबवर्क करतात. माल वरच्याचा, मशीन आणि मजुरी यांची.

भाव वरून ठरतो. या धंद्यात एक जुनी रीत आहे. गाडी कंपनी पुरवठादाराकडून दरवर्षी भाव थोडा कमी करून मागते. कारण सांगितलं जातं की हात बसला, कचरा कमी निघतो, तर खर्चही कमी झाला पाहिजे. टियर-१ ती कपात टियर-२ वर ढकलतो आणि टियर-२ टियर-३ वर. सगळ्यात खालच्याला पुढे ढकलायला कुणीच नसतं. तो ओव्हरटाइमचे पैसे, माणसांची संख्या, नाहीतर मशीनवरची सुरक्षा यांतच काटछाट करतो.

कच्च्या लोखंडाचा भाव वाढला तर मोठ्या पुरवठादाराच्या करारात भाववाढीची सोय असते. विजेचा दर वाढला तर तशी सोय सहसा नसते. इंडक्शन भट्टी चालवणाऱ्या फाउंड्रीत वीज हा मोठा खर्च. म्हणून तर जिल्ह्यातल्या उद्योजकांनी विजेच्या दरावरून अनेकदा आवाज उठवला आणि शेजारच्या कर्नाटकात जाण्याची भाषा केली.

४५ दिवसांचा कायदा आणि प्रत्यक्षातलं पेमेंट

२००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याला चक्रवाढ व्याज द्यायचं. २०२३ च्या अर्थसंकल्पात आणखी एक गाठ मारली गेली. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर ते प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला प्राप्तिकरात तो खर्च दाखवता येत नाही.

कायदा चांगला आहे. पण पेमेंट उशिरा झालं तर काय होतं, याचा हिशेब बघा. समजा एका शेडमध्ये महिन्याला ५ लाखांचं जॉबवर्क होतं. ४५ दिवसांत पैसे आले, तर साडेसात लाख बाहेर राहतात. १२० दिवसांनी आले, तर २० लाख बाहेर. फरक साडेबारा लाखांचा. तेवढी रक्कम १२ टक्क्यांनी बँकेकडून उचलली, तर वर्षाला दीड लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार रुपये नुसतं व्याज. एका नवख्या पोराचा महिन्याचा पगार त्यात जातो.

शेडमालक तक्रार का करत नाही? ‘समाधान’ पोर्टल आहे, त्यावर अर्ज करता येतो. पण गिऱ्हाईक एकच असेल, तर तक्रार केलेल्या दिवसापासून पुढची ऑर्डर दुसऱ्याच्या शेडमध्ये जाण्याची भीती असते. हक्क कागदावर असला तरी तो वापरायला दुसरं गिऱ्हाईक हाताशी लागतं.

यातून एक मधली वाट आहे. ‘ट्रेड्स’ नावाच्या ऑनलाइन व्यवस्थेवर मोठ्या कंपनीने बिल मान्य केलं, की बँक थोडं व्याज कापून शेडमालकाला लगेच पैसे देते आणि मुदत संपल्यावर कंपनीकडून वसूल करते. २५० कोटींपेक्षा जास्त उलाढालीच्या कंपन्यांना तिथे नोंदणी सक्तीची झाली आहे. मात्र नोंदणी सक्तीची असली, तरी प्रत्येक बिल तिथे मान्य करणं त्यांच्याच हातात राहतं.

अमेरिकेचा कर कागलपर्यंत कसा येतो?

भारतीय सुट्या भागांचं परदेशातलं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक अमेरिका. ३ मे २०२५ पासून अमेरिकेने कार आणि हलक्या ट्रकच्या बहुतेक सुट्या भागांवर २५ टक्के जादा कर लावला. तो सगळ्याच देशांवर होता. पण त्या यादीत न बसणाऱ्या अनेक भारतीय मालावर ७ ऑगस्टला २५ टक्के आणि २७ ऑगस्टला आणखी २५ टक्के, असा एकूण ५० टक्के कर बसला. त्यानंतरही हे दर बदलत राहिले.

हा कर भरतो अमेरिकेतला आयात करणारा. पण तो लगेच इकडे फोन लावतो की भावात थोडं तुम्ही सोसा, नाहीतर ऑर्डर थांबवतो. निर्यातदार थोडं सोसतो, थोडं खाली ढकलतो. ज्या शेडने कधी डॉलर बघितला नाही, तिच्या मशीनवरचा एक पार्ट अमेरिकेच्या ट्रकमध्ये जात असतो. त्या शेडला एवढंच कळतं की या महिन्याचं शेड्यूल निम्मं आलं.

शेड्यूल निम्मं आलं की पहिला ‘ब्रेक’ कंत्राटी पोराला मिळतो.

इलेक्ट्रिक गाडी आणि बिडाचं कास्टिंग

इलेक्ट्रिक गाडी आली की सगळं बंद पडणार, असं व्हॉट्सॲपवर फिरतं. तसं नाही. २०२४-२५ मध्ये विकलेल्या शंभर दुचाकींत साधारण सहा इलेक्ट्रिक होत्या, कारमध्ये शंभरात दोन-तीन. तीनचाकीत मात्र ई-रिक्षा धरून निम्म्याहून जास्त.

नीट बघायचं ते एवढंच की तुमच्या कंपनीत कोणता पार्ट बनतो. इंजिन ब्लॉक, सिलिंडर हेड, फ्लायव्हील, क्लच हाउसिंग, सायलेन्सरकडे जाणारा मॅनिफोल्ड हे इलेक्ट्रिक गाडीत लागत नाहीत. ब्रेक ड्रम, डिस्क, हब, ॲक्सल आणि सस्पेन्शनचे भाग लागतातच. ट्रॅक्टर आणि अवजड ट्रक डिझेलवरून इतक्यात हलणार नाहीत. दिवसभर नांगरट करायला लागणारी ताकद बॅटरीत भरायची तर बॅटरी फार मोठी आणि महाग होते. ट्रॅक्टरच्या कास्टिंगवर चालणाऱ्या कोल्हापूरच्या फाउंड्रींना ही एक मोठी ढाल आहे.

पण एक अडचण आहे. इलेक्ट्रिक गाडीत जे नवीन काम येतं, ते आपोआप इकडे येत नाही. मोटर आणि बॅटरीचं आवरण बहुतेक ॲल्युमिनियमचं असतं. बिडाच्या भट्टीत ते ओतता येत नाही. त्याला डाय कास्टिंगची वेगळी आणि महाग मशीन लागतात.

शिवाय मोटरमध्ये लागणारं ताकदवान चुंबक चीनमधून येतं. जगातली बहुतेक अशी चुंबकं चीनच बनवतो. ४ एप्रिल २०२५ ला चीनने त्यांना लागणाऱ्या दुर्मिळ धातूंच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली आणि देशातल्या इलेक्ट्रिक दुचाकीच्या उत्पादनाला काही महिन्यांत फटका बसला. एक बोटभर चुंबक आलं नाही म्हणून लाइन थांबली. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने देशातच चुंबकं बनवण्यासाठी ७,२८० कोटींची योजना मंजूर केली. तिचं फळ दिसायला काही वर्षं जातील.

सरकारी पैसा कुणाला?

नवीन तंत्रज्ञानाच्या गाड्या आणि भागांसाठी केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्ये २५,९३८ कोटींची प्रोत्साहन योजना आणली. तिची अट बघण्यासारखी आहे. या धंद्यात आधीपासून असलेल्या सुट्या भागांच्या कंपनीची किंवा तिच्या गटाची उलाढाल किमान ५०० कोटी आणि मालमत्ता १५० कोटींची हवी. शिवाय निम्मा माल देशी असायला हवा.

दोन-चार मशीनची शेड या दारातून आत जाऊच शकत नाही. मोठी कंपनी वाढली की तिचं काम खाली झिरपेल, असा यामागचा हिशेब. काम झिरपतंही. पण भाव आणि पेमेंट वर सांगितल्यासारखं असेल, तर नफा वरच्या पायरीवरच राहतो. खालच्या शेडला ॲल्युमिनियमचं मशीन घ्यायचं असेल, तर बहुतेक वेळा बँकेचं कर्जच काढावं लागतं.

शेवटच्या पायरीवरचं पोरगं

देशातल्या नोंदणीकृत कारखान्यांच्या सरकारी पाहणीत आता ४० टक्क्यांहून जास्त कामगार कंत्राटी आहेत. २००० सालाच्या आसपास हे प्रमाण २० टक्क्यांच्या घरात होतं. हे सगळ्या कारखान्यांचं मिळून आहे, पण वाहन उद्योगाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला ते वेगळं सांगायला नको. एकाच लाइनवर, एकच काम करणारी दोन पोरं. एक कंपनीचा, एक ठेकेदाराचा. पगारात मोठा फरक. दुसऱ्याला काही महिन्यांनी ब्रेक.

जिवाची बाजू आणखी गंभीर. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून वाहन उद्योगातल्या अपघातांवर ‘क्रश्ड’ नावाचे अहवाल काढते. तिचं बरंचसं काम हरियाणाच्या पट्ट्यातलं आहे. पॉवर प्रेसखाली बोटं जाणारे कामगार बहुतेक तरुण, कंत्राटी आणि खालच्या पायऱ्यांवरच्या पुरवठादारांकडे काम करणारे असतात, आणि अनेकांना ईएसआयचं कार्ड अपघात झाल्यावरच मिळतं, असं त्यात पुन्हा पुन्हा दिसतं. मशीनला सेन्सर बसवायचा खर्च कोण करणार, हा प्रश्न पुन्हा त्याच उतरंडीपाशी येतो.

घरातलं कुणी कंपनीत असेल तर

काही गोष्टी मोबाइलवरच तपासता येतात आणि त्या पहिल्या महिन्यातच तपासाव्यात.

ईएसआय: पगार २१,००० पर्यंत असेल आणि कारखान्याला ईएसआय लागू असेल, तर कामगाराचे पाऊण टक्का कापले जातात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. १५,००० पगाराला कामगाराचे सुमारे ११३ रुपये जातात. कामावर अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. उपचार मोफत, बरा होईपर्यंत पगाराच्या ९० टक्के भत्ता, आणि कायमचं अपंगत्व आलं तर दरमहा रक्कम. कार्ड हातात आलं का, ते विचारा.

पीएफ: ‘उमंग’ ॲपवर पासबुक दिसतं. पगारातून कापलं, पण पासबुकात आलं नाही, असं असेल तर ठेकेदाराला लगेच विचारायला हवं. सहा महिन्यांनी ठेकेदार बदललेला असतो.

नियुक्तिपत्र: २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यानुसार प्रत्येक कामगाराला लेखी नियुक्तिपत्र द्यावं लागतं, आणि ठरावीक मुदतीच्या नोकरीतल्या कामगाराला एक वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क आहे.

आयटीआयचा ट्रेड निवडताना फक्त ‘कंपनी जवळ आहे’ एवढं बघून भागणार नाही. टर्नर, मशिनिस्ट, टूल अँड डाय मेकर हे काम इंजिन असो वा मोटर, दोन्हीकडे लागतं. नुसत्या डिझेल इंजिनाच्या ट्रेडसोबत वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्सची जोड घेतलेली बरी. इलेक्ट्रिक वाहनाचा वेगळा ट्रेडही आयटीआयच्या अभ्यासक्रमात आला आहे.

आणि ज्याची स्वतःची शेड आहे, त्याने उद्यम नोंदणी करून ठेवावी, ऑर्डर लेखी घ्यावी, आणि शक्य तितक्या लवकर दुसरं गिऱ्हाईक शोधावं. ते ट्रॅक्टरचं असो, पंपाचं असो की रेल्वेचं.

पुढच्या वर्षी ‘ॲक्मा’चा आकडा कदाचित ७ लाख कोटींच्या पुढे जाईल आणि त्याच्या बातम्या होतील. त्या दिवशी जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांना आणि उद्योजकांच्या संघटनांना तीन प्रश्न विचारायला हवेत. शेडचं बिल किती दिवसांत निघालं? किती कंत्राटी पोरांच्या हातात ईएसआयचं कार्ड आहे? आणि बिडाच्या फाउंड्रीला ॲल्युमिनियमकडे वळायला कर्ज किती व्याजाने मिळालं? याची उत्तरं मिळाली, तर वाढीतलं किती खाली पोचलं ते कळेल.